अण्णांचा अभ्यासक्रम

पक्षाघाताला सात महिने होऊन गेले होते आणि त्या सात महिन्यांत अण्णांच्या तोंडून एकच शब्द निघत होता. बरं.

पाणी हवंय का, विचारलं की बरं. पाणी नकोय ना, विचारलं तरी बरं. तुमचं नाव सखाराम का, असं डॉक्टरांनी मुद्दाम विचारून पाहिलं, तेव्हाही अण्णा, म्हणजे दिनकर उपळेकर, त्यांच्याकडे शांतपणे बघत ‘बरं’ म्हणाले. उजवी बाजू लुळी पडली होती. डावा हात चांगला होता, माशी बसली की ती उडवायचा. पण ‘हात वर करा’ म्हटलं की जागचा हलत नसे. तीन बैठका झाल्यावर डॉक्टरांनी कागदावर लिहिलं की बोलणं गेलंय आणि समजणंही गेलंय. त्यांचाही काही दोष नव्हता. विचारलेल्याला उत्तर नाही आणि सांगितलेलं होत नाही, तर समजतंय असं म्हणायचं कशावरून?

अण्णांची सून शर्वरी हिने तो कागद वाचला आणि घडी करून फायलीत ठेवला. कशावरून समजलं म्हणायचं, हा प्रश्न तिला नवा नव्हता. तिची वीस वर्षं त्याच प्रश्नात गेली होती.

मिरजेत दवाखाने फार आणि माणसं कमी. २०४३ साल उजाडेपर्यंत तिथल्या निम्म्याहून जास्त परिचारिका ओडिशा, आसाम, झारखंडातून येऊ लागल्या होत्या. त्यांना मराठी शिकवणाऱ्या केंद्रात शर्वरी अभ्यासक्रम आखायची. लोकांना वाटायचं, ती धडे लिहिते. ती सांगायची, धडे सगळ्यात शेवटी येतात. आधी विचारायचं की शिकणाऱ्याला ही भाषा कशासाठी हवी आहे. मग ठरवायचं की शेवटच्या दिवशी तिला काय करता आलं पाहिजे. शिकवणारा मनाशी धरतो ते उद्दिष्ट आणि शिकणारीच्या हाती खरोखर उरते ती निष्पत्ती. निष्पत्ती लिहिताना क्रियापद असं हवं की ते डोळ्यांना दिसेल, कानांना ऐकू येईल. ‘रुग्णाला कुठे दुखतं ते विचारेल’ हे चालतं. ‘रुग्णाचं बोलणं समजेल’ हे चालत नाही, कारण समजणं दिसत नाही. शर्वरी नोकरीला लागली तेव्हा तिच्या वरिष्ठ बाईंनी तिच्या पहिल्या आराखड्यातलं ‘समजेल’ लाल शाईने अकरा ठिकाणी खोडलं होतं.

चार वर्षांपूर्वी श्रुतिपट्टी आली आणि ते खोडलेलं क्रियापद परत आलं.

पट्टीमागचं शास्त्र जुनंच होतं. ‘चहात साखर घातली’ हे वाक्य मेंदू सहज गिळतो. ‘चहात सायकल घातली’ म्हटलं की तो अडखळतो. तो शब्द कानी पडल्यापासून साधारण चारशे मिलिसेकंदांनी, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्याही आत, डोक्याच्या माथ्याशी विजेची एक बारीकशी लाट उठते. ऐकणाऱ्याने ठरवून ती उठत नाही आणि ठरवून थांबतही नाही. भाषा येत नसेल तर साखर काय न् सायकल काय, लाट सारखीच. भाषा येत असेल तर सायकलीला उंच, साखरेला सपाट. पूर्वी ही लाट पकडायला शेकडो वाक्यं ऐकवून त्यांची सरासरी काढावी लागे, कारण मेंदूत एरवीच इतका गलबला असतो. नव्या पट्टीने तो गलबला गाळायची युक्ती साधली आणि एका वाक्यातच लाट दिसू लागली. कपाळावरून कानामागे जाणारी कापडी पट्टी, आत दहा-बारा धातूच्या टिकल्या आणि समोर पडद्यावर एक रेघ.

परीक्षा संपल्या. पट्टी बांधून वीस मिनिटं वाक्यं ऐकली की कुणाला किती समजतं ते कळे, आणि त्यावरून यंत्र दुसऱ्या दिवशीचा पाठ प्रत्येकीसाठी वेगळा आखून देई. वर्षाचा अभ्यासक्रम दहा आठवड्यांवर आला. बोलून घ्यायला वेळ लागतो आणि बोलण्याला गुण देणं कटकटीचं, म्हणून हळूहळू ‘सांगेल’, ‘विचारेल’ ही क्रियापदं गळत गेली आणि ‘समजेल’ तेवढं राहिलं. शर्वरीने तक्रार केली नाही. केंद्राचे आकडे उत्तम होते. ते बघूनच बंगळुरूच्या एका संस्थेने तिला बोलावलं होतं, सगळ्या दक्षिणेकडच्या दवाखान्यांसाठी असे अभ्यासक्रम आखायला. जूनमध्ये रुजू व्हायचं होतं. तिचा नवरा समीर तिकडेच नोकरीला होता. सहा वर्षं दोघं पंधरवड्यातून दोन दिवस भेटत होती. अण्णांना पुण्याला, समीरच्या बहिणीच्या घराजवळच्या शुश्रूषागृहात ठेवायचं ठरलं होतं. समीरने रीतसर वडिलांना विचारलंही होतं. वडील बरं म्हणाले होते.

तोवर अण्णांपाशी दिवसभर कुणीतरी हवं, म्हणून शर्वरीने आपल्याच वर्गातून नुकतीच बाहेर पडलेली सुबासिनी दिगाल घरी आणली. ओडिशातल्या डोंगरी भागातली, तेवीस-चोवीस वर्षांची. पट्टीने तिला शंभरातले ब्याण्णव दिले होते, पण तिचं मराठी तोंडातून निघताना वाटेत चार ठिकाणी ठेचाळायचं.

मार्चमधल्या एका सकाळी शर्वरी कामावर निघाली असताना सुबासिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

“ताई, अण्णा हसला.”

हसले, शर्वरीने सवयीने दुरुस्त केलं, आणि मग थांबली. काय झालं ते सुबासिनीने सावकाश सांगितलं. गार वारं येत होतं म्हणून तिने अण्णांना विचारलं, अण्णा, तुमच्या अंगावर चटणी घालू का? तिला चादर म्हणायचं होतं. अण्णांच्या डाव्या गालाला खळी पडली आणि खांदे हलले.

शर्वरी म्हणाली की असं होतं कधीकधी, आजारात चेहऱ्याचे स्नायू आपोआप ओढले जातात. सुबासिनीने नकारार्थी मान हलवली. तिने म्हणे परत दोनदा चटणी म्हणून पाहिलं होतं. दोन्ही वेळा ते हसले. मग चादर म्हणाली, तेव्हा हसले नाहीत.

त्या दिवशी संध्याकाळी शर्वरी केंद्रातून येताना एक पट्टी पिशवीत घालून घेऊन आली.

अण्णा खिडकीशी खुर्चीत बसले होते. तिने पट्टी बांधली, पडदा मांडीवर घेतला आणि पहिल्या आठवड्यातल्या परिचारिकांना देतात ती वाक्यं वाचायला लागली. रेघ बरोबर जिथे उसळायला हवी तिथे उसळत होती. तिने चौथ्या आठवड्याची घेतली. मग दहाव्या. मग कपाटातून जुनं वर्तमानपत्र काढून अग्रलेखातली लांबलचक वाक्यं शेवटचा शब्द बदलून वाचली. रेघ एकदाही चुकली नाही. शंभरातले शंभर. असे गुण तिने आजवर कुणाला पडलेले पाहिले नव्हते.

तिने पडदा बाजूला ठेवला. अण्णा तिच्याकडे बघत होते. सात महिने ते असेच बघत होते.

तिला एकामागून एक आठवायला लागलं. पुण्याचं बोलणं याच खोलीत झालं होतं. डायपर बदलताना आधीच्या कामवाल्या बाईशी केलेली चेष्टा इथेच. आणि दिवाळीनंतर एकदा धाकट्या बहिणीशी फोनवर बोलताना, याच पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून ती म्हणाली होती, “माणूस कधीच गेलाय गं, नुसतं शरीर सांभाळतेय मी.”

तिने खुर्ची जवळ ओढली. त्यांचा डावा हात हातात घेतला आणि सगळं बोलून टाकलं. ते वाक्य जसंच्या तसं परत उच्चारलं, कारण गोलमोल बोलून माफी मागणं तिला बरोबर वाटेना. बोलून झाल्यावर ती वाट पाहत राहिली.

“बरं,” अण्णा म्हणाले.

माफ केलं असेल, नसेल. त्या शब्दावरून काहीच कळायला मार्ग नव्हता.

समीरला तिने फोन केला. त्याने सगळं परत एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला की म्हणजे पुण्याचं त्यांना सगळं कळलंय आणि तरी ते बरं म्हणालेत, मग चांगलंच आहे की. शर्वरीने त्याला समजावलं की त्यांच्या तोंडून दुसरा शब्द निघतच नाही. समीर म्हणाला, तू शिकव ना मग. तुझं कामच आहे ते.

वाचा-उपचाराचा तयार कार्यक्रम केंद्राच्या यंत्रात होता. शर्वरीने अण्णांची माहिती भरताच यंत्राने बारा आठवड्यांचा आराखडा काढून दिला. रुग्ण पाणी मागेल. औषध मागेल. संडासला जायचं असल्यास सांगेल. दुखरी जागा सांगेल. पन्नास नामं, सोप्याकडून अवघडाकडे, नीट लावलेली. पहिला शब्द पाणी. शर्वरी रोज सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास बसू लागली. दोन आठवडे झाले. अण्णा पहिले दोन दिवस ओठ हलवत होते. नंतर तिने पेला पुढे धरला की ते खिडकीकडे तोंड फिरवून बसायचे.

“पाणी मी देते ना त्यांना,” सुबासिनी एकदा सहज म्हणाली. “मागायचं काय त्याच्यात?”

शर्वरीला ते लागलं. वीस वर्षं नव्या शिक्षकांना ती पहिल्या तासाला सांगत आली होती की शिकणाऱ्याची गरज विचारल्याशिवाय एक ओळ लिहू नका. घरातल्या माणसासाठी मात्र तिने यंत्राची यादी उचलली होती, आणि त्या यादीतली प्रत्येक ओळ सांभाळणाऱ्याची सोय बघणारी होती.

पण विचारायचं कसं? ज्याला हो-नाही करता येत नाही, त्याला काय हवंय ते कसं काढायचं?

अण्णांनी तीस वर्षं जतच्या बाजूला सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात काढली होती. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात शर्वरी त्यांच्याबरोबर एका वस्तीवर गेली होती, तेव्हा त्यांना एक म्हैस तपासताना तिने पाहिलं होतं. ते पोटावर इथे दाबत, तिथे दाबत आणि हाताकडे न बघता म्हशीच्या कानाकडे बघत. एका जागी कान मागे गेला. तिथेच दुखणं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने पट्टी आणली आणि बांधण्याआधी अण्णांना सांगितलं की आज मी परीक्षा घेणार नाही, तुमच्या मनात काय आहे ते शोधणार आहे, आणि हे दुसऱ्याच्या घरात डोकावण्यासारखं आहे. नको वाटलं तर पट्टी काढून टाका; डावा हात तुमचा चालतो. तिने पट्टी बांधली. हात मांडीवरच राहिला.

मग ती अर्धवट वाक्यं वाचू लागली. अण्णांना आधी शिकायचाय तो शब्द म्हणजे पाणी. रेघ उंच उसळली. तो शब्द म्हणजे औषध. उंच. जेवण, उंच. समीर म्हटल्यावर थोडी खाली आली. घर, आणखी थोडी खाली. अपेक्षित शब्दाला मेंदू अडखळत नाही, एवढ्याच आधारावर ती चाचपडत होती. तीन दिवस चाळीसएक शब्द झाले आणि रेघ कुठेच सपाट होईना.

चौथ्या दिवशी ती वाचत असतानाच सुबासिनी लापशीची वाटी घेऊन आली. शर्वरीने मान वर न करता, नको गं आत्ता, म्हणून तिला परत पाठवलं. आणि तिच्या लक्षात आलं की तिने आतापर्यंत विचारलेले सगळे शब्द मागायचे होते.

“अण्णांना आधी शिकायचाय तो शब्द,” ती सावकाश म्हणाली, “म्हणजे नको.”

रेघ हलली सुद्धा नाही. तिने मध्ये दहा वाक्यं घालून परत विचारलं. सपाट. दुपारी परत विचारलं. सपाट.

ती पुढे वाचायला गेली. “अण्णांना पुण्याला जायला—”

अण्णांचा डावा हात वर गेला. त्यांनी पट्टी कपाळावरून ओढून काढली, मांडीवरच्या चादरीवर ठेवली आणि तिच्याकडे बघत राहिले. सांगितल्यावर न हलणारा हात आपल्या मनाने हलला होता. शर्वरीने पडदा बंद केला. उत्तर तिला कळलं होतं, आणि ते यंत्राकडून काढून घ्यायला नको होतं हेही कळलं होतं.

पुढचे दोन दिवस तिने काहीच शिकवलं नाही. अंगणातल्या पायरीवर बसून ती विचार करत राही. त्यांना तो शब्द आला की पुणं संपलं, आणि पुण्याबरोबर बंगळुरूही. न शिकवला तर कुणाला कळणार होतं? यंत्राच्या आराखड्यात तो नव्हताच. पाणी, औषध, दूध असे पन्नास शब्द त्यांना आले असते, सगळ्यांनी कौतुक केलं असतं, आणि त्या पन्नास शब्दांनिशी अण्णा निमूट पुण्याला गेले असते. अशा ओळी तिने पूर्वीही गाळल्या होत्या. परिचारिकांच्या अभ्यासक्रमात रुग्णाला धीर देईल, नातेवाइकांना माहिती देईल, वरिष्ठांची सूचना पाळेल, असं सगळं होतं. ‘नकार देईल’ कुठे नव्हतं. तिने सुबासिनीला विचारलं की मराठीत तुला एखाद्याला नाही म्हणायचं झालं तर काय म्हणतेस. सुबासिनी विचारात पडली आणि म्हणाली की ती गप्प बसते.

तिसऱ्या दिवशी सकाळी शर्वरीने वहीतलं पान फाडून त्यावर एकच ओळ लिहिली. ‘अण्णांना जी गोष्ट नको असेल, ती ते स्वतः बोलून नाकारतील.’ ते पान तिने त्यांच्यासमोर खिडकीच्या गजाला दोऱ्याने बांधलं.

यंत्र बाजूला ठेवून तिने पायऱ्या पाडल्या. आधी नुसतं नाकातून गुणगुणणं. ते त्यांना येत होतं. मग गुणगुणता गुणगुणता ‘न’. मग शब्दाचं शेपूट. ती ‘न’ म्हणायची आणि उरलेलं त्यांच्यावर सोपवून थांबायची. हे थांबणंच सगळ्यात अवघड होतं. पाच मोजेपर्यंत, दहा मोजेपर्यंत, त्यांचा चेहरा लालबुंद होईपर्यंत. आणि शब्द खरा लागेल असा प्रसंग रोज समोर आणायचा. अण्णांना दुधी भोपळा जन्मात आवडला नव्हता. सुबासिनी दर दुपारी दुधी भोपळ्याची वाटी घेऊन यायची, त्यांच्यासमोर धरायची आणि आशेने बघायची. एकोणिसाव्या दिवशी शर्वरी कामावर असताना सुबासिनीचा फोन आला. तिला रडू येत होतं, त्यामुळे मराठी आणखीच ठेचाळत होतं. अण्णांनी वाटी डाव्या हाताने बाजूला सारली होती आणि म्हणाले होते, को. मग थोड्या वेळाने पूर्ण, नको.

त्यानंतर महिनाभर घरात दुसरं काही ऐकू येईना. टीव्हीला नको, लापशीला नको, दाढीला नको. शर्वरीने एकदा परत त्या फोनवरच्या वाक्याचा विषय काढला, तेव्हा तिचं वाक्य अर्ध्यात असतानाच त्यांनी हात हलवून नको म्हटलं, आणि या वेळी तिला अर्थ कळला.

मेमधल्या एका फेरीत समीर पुण्याचं परत विचारायचं ठरवूनच आला. त्याने विचारलं आणि ‘नको’ ऐकलं. तो उठून बाहेर गेला, परत आला, आणि शर्वरीला म्हणाला की पूर्वी ते सगळ्यालाच बरं म्हणायचे, आता सगळ्यालाच नको म्हणतात. याला समजून बोलणं कसं म्हणायचं? प्रश्न वाजवी होता. शर्वरीने त्याला सांगितलं, तूच बघ.

समीर वडिलांसमोर बसला.

“अण्णा, चहा घेणार?”

अण्णांनी काही न बोलता डावा हात कपासाठी पुढे केला. त्यांचा चहा पिऊन होईपर्यंत समीर थांबला.

“पुण्याला जायचं, अण्णा? ताईच्या जवळ?”

“नको.”

“इथंच राहायचं?”

अण्णा गप्प राहिले. समीरने तोच प्रश्न परत विचारला. अण्णा त्याच्याकडे बघत राहिले आणि नको म्हणाले नाहीत. समीरने त्यांच्या गुडघ्यावर कपाळ टेकवलं.

दोघं नवरा-बायको त्यानंतर अण्णांच्या समोरच बसून बोलू लागली. आता दार लावून घेण्यात अर्थ नव्हता. समीर म्हणाला की तो महिन्यातले पंधरा दिवस मिरजेतून काम करू शकेल. शर्वरी म्हणाली की तिने बंगळुरूला नकार लिहून ठेवलाय, फक्त पाठवायचाय. समीर चिडला. सहा वर्षांनी आलेली संधी ती कुणाला न विचारता सोडतेय, असं त्याचं म्हणणं. पंधरा दिवस तो आणि पंधरा दिवस ती, असं का नाही? तिने उत्तर दिलं की अण्णांना आता कुठे एक शब्द आलाय, इतक्यात त्यांना सोडून ती जाणार नाही. बोलणं तिथेच थांबलं. तिने पत्र मात्र त्या दिवशी पाठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अण्णांपाशी वही घेऊन बसली. पुढची निष्पत्ती ठरवायची होती. आता पट्टीची गरज नव्हती. ती एकेक शब्द वाचणार आणि नको असेल त्याला अण्णा नको म्हणणार. पाणी. नको. दूध. नको. समीर. अण्णा थोडे थांबले, पण नको. थांब, हा शब्द तिने जरा मोठ्याने वाचला, कारण तिला वाटलं तोच असणार. अण्णांनी जोरात मान हलवली. नको, नको. जा? तिने जवळजवळ कुजबुजत विचारलं. त्यालाही नको, आणि वर कपाळाला आठी, जसं काही तिने अभद्र उच्चारलं.

“ये,” तिने वाचलं.

अण्णा गप्प.

तिला वाटलं, ते जवळ बोलावताहेत. तिने खुर्ची पुढे सरकवली. अण्णांनी डाव्या हाताने तिला मागे सारलं आणि तोच हात दाराच्या दिशेने केला. कोपऱ्यात बंगळुरूसाठी काढून ठेवलेली तिची प्रवासाची बॅग होती. हात दाराकडे, मग बॅगेकडे, मग परत तिच्याकडे. शर्वरी वही मिटून बसून राहिली. घरातून निघणाऱ्याला जा कधी म्हणत नाहीत.

तो शब्द नऊ दिवसांत आला. ओठ पसरले की अर्धा होतोच, उरलेला अर्धा त्यांनी आरशासमोर बसून कमावला. शर्वरीने बंगळुरूला वेगळं पत्र लिहिलं, त्यात पंधरा दिवसांची अट घातली आणि आणखी एक, की तिच्या हाताखालच्या प्रत्येक अभ्यासक्रमात शिकणारी नकार देऊ शकेल ही निष्पत्ती पहिल्या आठवड्यात असेल आणि ती बोलून तपासली जाईल. दोन्ही अटी मान्य व्हायला तीन आठवडे लागले.

जूनच्या बारा तारखेला रिक्षा दारात उभी राहिली. समीर आदल्या दिवशीच येऊन पोहोचला होता. सुबासिनीने अण्णांची खुर्ची ढकलत उंबरठ्यापर्यंत आणली. शर्वरीने वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, “येते, अण्णा.”

अण्णांनी ओठ पसरले. चेहरा लाल झाला. रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला, समीर त्याला थांबवायला पुढे झाला. शर्वरी मनात पाच मोजत उभी होती, मग दहा. तिने शब्द सुचवला नाही.

“ये,” अण्णा म्हणाले.